एकदा पाठवले, दोनदा पोचले

रविवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला, तेव्हा दुसरा चहा नुकताच पुढ्यात आला होता. पलीकडून आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई बोलत होत्या. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. पण आवाज असा, की हातातला कप खाली ठेवून मी नकळत उभाच राहिलो.

"अरे, तुमच्या त्या यादीवरची पत्रं मला दोन-दोनदा येताहेत. शाळेत असताना एक निबंध कधी वेळेवर दिला नाहीस, आणि आता तेच पत्र दोनदा देतोस होय रे?"

'ती यादी' म्हणजे आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची ई-मेल यादी. तिचा एकच पत्ता आहे. त्या पत्त्यावर कोणीही सभासदाने पत्र धाडले, की संगणक त्याच्या प्रती काढून यादीतल्या सर्वांना पाठवतो. सुरुवातीला तीस जण होते, आज चारशे बारा आहेत. आता सगळे व्हॉट्सअॅपवर असताना हे कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. पण तिकडे सकाळी आलेला निरोप संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जातो. यादीवरचे पत्र दहा वर्षांनीही शोधता येते. शिष्यवृत्तीचे हिशेब, कोणाच्या आजारपणाची बातमी, रक्तदात्यांची गरज हे सारे आम्ही अजून यादीवरच टाकतो. तिची देखभाल माझ्याकडे कशी आली, तर गणपतीच्या वर्गणीचा हिशेब एखाद्याच्या गळ्यात पडतो तशी. बैठकीत बाकी सर्वांनी हात खाली ठेवले होते, एवढेच.

बाईंचे बोलणे मी हसण्यावारी नेले. दोनदा आले तर आले, बिघडले काय? एक प्रत पुसून टाकावी. पण पुढच्या पंधरवड्यात दोन गोष्टी अशा घडल्या, की हसू मावळले.

पहिली अशी. आमच्या एका वर्गमित्राची आई वारली. त्याने 'दुःखद बातमी' अशा मथळ्याचे पत्र आईच्या फोटोसह यादीवर टाकले. तीसएक सभासदांना ते दुपारी पोचले आणि संध्याकाळी पुन्हा पोचले. अमेरिकेतल्या एका मित्राने दुपारचे पत्र वाचून लगेच फोन केला होता. काही तासांनी पुन्हा तोच मथळा दिसताच त्याने पत्र न उघडताच घाबरून दुसरा फोन केला, कारण वडीलही इस्पितळात आहेत हे त्याला ठाऊक होते. स्मशानातून नुकत्याच परतलेल्या माणसाला, 'नाही रे, बाबा आहेत,' असे सांगावे लागले.

मला फार लाजल्यासारखे झाले. त्याच रात्री बसून मी यादीच्या संगणकाला एक नियम घालून दिला: एकाच माणसाकडून, एकाच मथळ्याचे दुसरे पत्र चोवीस तासांत आले, तर ते गुपचूप टाकून द्यायचे. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो.

दुसरी गोष्ट चारच दिवसांनी घडली. एका सभासदाच्या बहिणीला शस्त्रक्रियेसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. त्याने घाईघाईत पत्र टाकले आणि त्यात फोन क्रमांकाचा एक आकडा चुकला. पाच मिनिटांत चूक ध्यानात येऊन त्याने दुरुस्ती पाठवली. माणूस तोच, मथळाही तोच. माझ्या नियमाने ती दुरुस्ती गिळून टाकली. रात्री साडेदहापर्यंत लोक एका अनोळखी दुकानदाराला 'रक्त कुठे द्यायचे?' म्हणून विचारत राहिले. अखेर इस्पितळानेच दुसऱ्या रक्तपेढीतून रक्त मिळवले आणि बहीण सुखरूप घरी आली. पण त्यात माझा वाटा शून्याच्याही खालचा होता.

यावर कडी म्हणजे, दुहेरी पत्रे थांबली नव्हतीच. बाईंचा पुन्हा फोन आला. रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा तो प्रकार होता.

शिक्के वाचायला शिकलो

मग मात्र, आधी करायला हवे होते ते केले. निदान. बाईंच्या नातवाला दोन्ही प्रती जशाच्या तशा पाठवायला सांगितल्या, त्यांच्या न दिसणाऱ्या माथ्यासकट.

पूर्वी पाकिटावर जसे टपालाचे शिक्के उमटत, कुठे टाकले, कुठे पोचले, कोणत्या तारखेला, तसे ई-मेलवरही उमटतात. पत्र ज्या-ज्या संगणकातून जाते, तो प्रत्येक संगणक 'मला हे अमक्याकडून, अमुक वेळी मिळाले' अशी एक ओळ सर्वांत वर चिकटवतो. म्हणून हे शिक्के खालून वर वाचायचे. शिवाय प्रत्येक पत्राला जन्मतःच एक ओळख-क्रमांक मिळतो, आणि सहसा तो जगात दुसऱ्या कोणत्याही पत्राचा नसतो. तो नेहमीच्या वाचनात दिसत नाही. पण तपास करणाऱ्याला तोच पहिला धागा.

दोन प्रतींचे ओळख-क्रमांक वेगळे असतील, तर बहुतेक वेळा माणसाने 'पाठवा'चे बटण दोनदा दाबलेले असते. क्रमांक एकच असेल, तर प्रत वाटेत कुठेतरी निघाली. मग दोन्ही प्रतींचे शिक्के शेजारी-शेजारी ठेवून खालून वर जायचे. जिथपर्यंत ते तंतोतंत सारखे, तिथपर्यंत पत्र एकच होते. जिथे पहिला फरक दिसतो, तिथे फाटा फुटला.

बाईंच्या दोन्ही प्रतींचा क्रमांक एकच निघाला. आमच्या यादीच्या संगणकापर्यंतचे शिक्केही सारखे. फरक होता तो बाईंची टपालपेटी ज्या कंपनीकडे आहे, तिच्या दारातल्या शिक्क्यात. म्हणजे आमच्या संगणकाने एकच पत्र त्या दारात दोनदा नेऊन दिले होते. मी नियम घातला होता तो यादीत शिरणाऱ्या पत्रांवर, आणि दुरुक्ती होत होती यादीतून बाहेर पडताना! दोनदा पत्रे येणारे ते तीस जण पाहिले, तर सर्वांच्या टपालपेट्या त्याच कंपनीकडे होत्या.

"बाई, साधी पत्रंसुद्धा दोनदा येतात का हो?" मी विचारले.

बाईंनी जरा विचार केला. "नाही रे. फोटोवालीच येतात. साधी एकदाच."

शाळेत बाई आम्हाला सांगत, उत्तर अर्धे प्रश्नातच असते. इथे ते बाईंच्याच उत्तरात होते.

एका टिंबाचा घोटाळा

दोन संगणक एकमेकांना पत्र देतात, तेव्हा त्यांच्यात चक्क संवाद होतो. नमस्कार, मी अमुक. बोला. तमक्याचे पत्र आणले आहे. ठीक. ते ह्या ह्या मंडळींसाठी आहे. ठीक. मजकूर देऊ? द्या. मग सगळा मजकूर जातो, आणि शेवटी एका ओळीवर एकटाच पूर्णविराम, एक टिंब. त्याचा अर्थ, संपले. यावर घेणाऱ्याने '२५०' हा आकडा उच्चारायचा. त्याचा अर्थ, मिळाले, आता जबाबदारी माझी. बोलण्याची ही रीत अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

सारी मेख त्या टिंबाच्या आणि २५०च्या मधल्या क्षणांत आहे. घेणाऱ्याकडे संपूर्ण पत्र पोचलेले आहे. तो ते तपासतो, विषाणू आहेत का पाहतो, पेटीत टाकतो आणि मग पावती देतो. त्याला उशीर झाला तर? देणारा किती वेळ दारात उभा राहणार? कंटाळून तो निघून जातो. त्याच्या वहीत पावती नाही, म्हणजे पत्र पोचले नाही. म्हणून तो थोड्या वेळाने तेच पत्र घेऊन पुन्हा येतो. घेणाऱ्याने मात्र पहिले पत्र केव्हाच पेटीत टाकलेले असते.

ही अडचण काही नवी नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये नेमक्या याच दुहेरी पत्रांवर एक छोटे टिपण लिहिले. इंटरनेटच्या जगात अशा टिपणांना 'आरएफसी' म्हणतात. त्याचा क्रमांक १०४७. ऑक्टोबर १९८९ मध्ये ठरलेल्या नियमांत त्याचा विचार झाला. देणाऱ्याने टिंबानंतर निदान दहा मिनिटे थांबावे, आणि घेणाऱ्याने पावती शक्य तितक्या लवकर द्यावी.

आमच्या यादीच्या संगणकावर टपाल नेण्याचे काम 'पोस्टफिक्स' नावाची आज्ञावली करते. व्हीत्से व्हेनेमा या संगणकतज्ज्ञाने ती लिहिली. तिची रोजनिशी उघडली, तर तिथे स्वच्छ लिहिलेले होते: शेवट कळवताना वेळ संपला, पत्र एकाहून अधिक वेळा जाण्याची शक्यता आहे. यंत्र बिचारे कितीतरी दिवसांपासून खरे सांगत होते, वाचणारा नव्हता.

आता प्रश्न एवढाच उरला, की वेळ इतक्या लवकर का संपत होता? पोस्टफिक्स मुळात दहा मिनिटे थांबते. आमच्या यंत्रावर कोणीतरी ती दहाची एक मिनिट केली होती, यादीचे काम झटपट उरकावे म्हणून. साधी पत्रे मिनिटाच्या आत तपासून होत. फोटो असलेल्या जड पत्रांना, गर्दीच्या वेळी, मिनिटाहून जास्त लागे. मग दुसरी फेरी, कधी तिसरीही. आणि एकाच फेरीत त्या तीसही जणांची नावे असल्याने सर्वांना एकदमच पुन्हा पत्र.

तो 'कोणीतरी' मीच होतो. दोन वर्षांपूर्वीची माझीच नोंद सापडली.

दोन रिंग आणि दोन सेनापती

यावर कोणी म्हणेल, यंत्राला एवढेही कळू नये? पत्र पोचले की नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मगच पुन्हा पाठवावे. वाटते सोपे. पण याच प्रश्नाने संगणकशास्त्रातल्या मोठमोठ्या मंडळींना हात टेकायला लावले आहेत.

कल्पना करा, दोन डोंगरांवर एकाच पक्षाचे दोन सेनापती आहेत आणि मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला निरोप्या धाडतो, 'उद्या पहाटे.' निरोप्या दरीत पकडला गेला तर? म्हणून दुसऱ्याने उलट निरोप द्यायचा, 'कळले.' पण तो उलट निरोप पोचला हे दुसऱ्याला कसे कळणार? म्हणजे त्याचीही पावती हवी. मग पावतीची पावती. ही साखळी कधी संपतच नाही. हा पेच १९७५ साली एका शोधनिबंधात मांडला गेला आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचे रूप दिले. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवर दोन्ही टोकांना पुरती खात्री कधीच मिळू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

आपल्या घरांत हा पेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एस.टी.डी.चे दर परवडत नसत, त्या दिवसांत मुलगा मुंबईला पोचला की दोन रिंग देऊन फोन ठेवायचा. उचलायचा नाही, पैसे पडत नाहीत. दोन रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. एखाद्या दिवशी आई मागच्या अंगणात असायची आणि त्या दोन रिंग कोणालाच ऐकू जायच्या नाहीत. मुलगा निवांत झोपलेला असायचा आणि इकडे रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मुलगा पोचला होता, हरवली होती ती फक्त पावती. कचेऱ्यांनाही याची जाणीव होती, म्हणून तर महत्त्वाचा कागद पोचपावतीसह रजिस्टरने जायचा. ते रजिस्टर टपालही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले.

तर खात्री मिळणार नाही हे ठरलेच. मग उरतात दोन मार्ग. शंका आली की गप्प बसायचे. त्यात पत्र कधी दोनदा जाणार नाही, पण कधी-कधी जाणारच नाही. किंवा शंका आली की पुन्हा पाठवायचे; त्यात पत्र हरवणार नाही, पण कधी-कधी दोनदा जाईल. ई-मेल घडवणाऱ्यांनी दुसरा मार्ग निवडला. दोनदा आलेले पत्र हा सगळाच गलथानपणा नसतो. हरवण्यापेक्षा दुरुक्ती बरी, या निवडीची ती किंमत असते. मी माझ्या नियमाने नेमकी ही निवड उलटी केली होती, आणि तिची किंमत इस्पितळाच्या दारात कळली.

पैशांच्या बाबतीत मात्र ही चैन परवडत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, आणि आता भाजीच्या गाडीवरही चौकोनी चित्र टांगलेले असते. पैसे पाठवले आणि पडद्यावरचे चाक फिरतच राहिले, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? तिथेही तोच पेच असतो. पैसे गेले नाहीत, की गेले आणि पावती अडली? प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो तो याचसाठी. एकाच क्रमांकाची विनंती पुन्हा आली, तर ती जुनीच आहे हे ओळखता यावे म्हणून. पण आपण घाईने नव्याने पैसे पाठवले, तर क्रमांकही नवा पडतो आणि यंत्राच्या दृष्टीने तो दुसरा व्यवहार होतो. म्हणून चाक फिरत राहिले तर आधी व्यवहाराची स्थिती आणि खात्यातली शिल्लक पाहावी, मग दुसरा हात घालावा. गाडीवाला थांबतो, बिचारा.

तुमच्याकडेही येत असतील तर

एखाद्या यादीची पत्रे तुम्हालाही दोनदा येत असतील, तर दर वेळी टिंबाचाच घोटाळा असेल असे नाही. पुष्कळदा कारण साधे असते. तुम्ही दोन पत्त्यांनी सभासद झालेले असता आणि एका पत्त्याचे टपाल दुसरीकडे वळवलेले असते. किंवा उत्तर देणारा यादीलाही लिहितो आणि तुमचेही नाव घालतो; मग एक प्रत थेट येते, दुसरी यादीवरून. यादी सांभाळणाऱ्या आज्ञावल्यांत अशी दुसरी प्रत न पाठवण्याची सोय बहुधा असते, ती मागून घ्यावी. काही वेळा एक यादी दुसऱ्या यादीची सभासद असते आणि दुसरी पहिलीची. मग पत्र दोघींमध्ये लगोरीसारखे फिरत राहते. ते ओळखण्यासाठी यादी प्रत्येक पत्रावर स्वतःची खूण करते आणि स्वतःचीच खूण दिसली की दार लावते.

एक गंमत सांगतो. एक अतिशय प्रचलित मोफत ई-मेल सेवा अशी आहे, की तुम्ही यादीवर टाकलेले पत्र यादीवरून तुमच्याकडे परत आले, तर ती तुम्हाला ते नव्याने दाखवतच नाही. ओळख-क्रमांक तोच, मग कशाला पसारा, असा तिचा शहाणा विचार. पण धाडणाऱ्याला वाटते, पत्र गेलेच नाही. तो पुन्हा धाडतो. दुरुक्ती टाळण्याच्या उपायातूनच अशी दुरुक्ती जन्मते. माझ्याकडे महिन्यातून दोघे-तिघे तरी अशी तक्रार घेऊन येतात.

आमच्या यादीचा उपाय शेवटी दहा मिनिटांत झाला. मिनिटाची पुन्हा दहा मिनिटे केली. फोटो लहान करून पाठवण्याची विनंती सर्वांना केली. आणि तो माझा हुशार नियम काढून टाकला. त्या रक्तवाल्या मित्राला फोन करून झाला प्रकार सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, दुरुस्ती पाठवायची मीच विसरलो." इतके दिवस तो स्वतःलाच दोष देत होता. दोनदा आलेले पत्र निदान दिसते तरी. न आलेल्या पत्राची तक्रार कोण आणि कुठे करणार?

मग यादीवर एक चाचणीचे पत्र टाकले, शाळेच्या जुन्या इमारतीच्या फोटोसह. खाली विनंती केली, की बाईंनी ते किती वेळा पोचले हे कृपया मला कळवावे.

तासाभरात उत्तर आले. दोनच शब्द: 'पोचले. एकदाच.'

उत्तर मला नव्हते, बाईंनी ते साऱ्या यादीला धाडले होते. चारशे बारा जणांना पोचले. प्रत्येकाला एकदाच.